हात कोणाचा

मी थापा मारते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी मला पकडल्याचा आव आणायला नको. तरुणपणी मी एकदा अशी शिंकले होते की समोर बसलेल्या शिंप्याच्या सुईत दोरा आपोआप ओवला गेला. माझा नवरा इतका सुरात घोरायचा की शेजाऱ्यांनी घरातला रेडिओ विकून टाकला. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की आता तो रेडिओ कोणी विकत घेतला तेही मला आठवतं. पण आज सांगते ते वेगळं आहे. आज मी चिडलेय, आणि चिडल्यावर मला थापा सुचत नाहीत.

मी लेकीकडे राहते. राहत्या घराच्या खाली तिचा शिवणाचा कारखाना आहे. शाळेचे गणवेश, दवाखान्याचे कोट, पहारेकऱ्यांचे शर्ट. मधे कापायचं लांब टेबल, भिंतीलगत मशिनी, खिडकीपाशी इस्त्रीची जागा, आणि जिन्याखाली माझी खुर्ची. तिथे बसून मी बटणं निवडते. बटणं हे निमित्त, खरं काम कान देऊन बसणं.

लेकीला कारखान्यात सगळे बाई म्हणतात. तिचा मुलगा म्हणतो, सून म्हणते, आणि चिडवायचं असलं की मीही म्हणते. मुलाला, म्हणजे माझ्या नातवाला, सगळे इस्त्री म्हणतात. एक तर तो कपड्यांना इस्त्री करतो, आणि दुसरं म्हणजे घरात कुठे सुरकुती पडली की लगेच वरून हात फिरवून ती सपाट करायला धावतो. आत काय चुरगळलंय ते बघायचं नाही, वरून छान दिसलं की झालं.

बाईचा एक नियम आहे. कारखान्यातल्या प्रत्येकाला आपापल्या रंगाचा दोरा. नग हातावेगळा करताना कॉलरच्या आत आपल्या रंगाचा एक बारीक टाका घालायचा. गिऱ्हाइकाकडून नग परत आला की बाई मशिनी थांबवते, तो टेबलावर ठेवते, कॉलर उलटते आणि एवढंच विचारते, "हात कोणाचा?" ज्याचा रंग असेल त्यानं उभं राहायचं, "माझा हात" म्हणायचं, नग उचलायचा, उसवायचा, पुन्हा शिवायचा. आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही. बाईचं म्हणणं असं की चूक कोणाची ते कळलं की अर्धी दुरुस्ती झाली. नियम चांगला आहे. शर्टांसाठी चांगला आहे.

इस्त्रीची बायको, माझी नातसून, काजं करायची. तिच्या काजावर नखाचं टोक फिरवलं तरी धागा वर यायचा नाही. तिचा दोरा पिवळा. पिवळ्या टाक्याचा नग परत आलेला मी कधी पाहिला नाही. माहेरी आई नाही, वडील दूर, बहीण त्याहून दूर, म्हणून असेल, ती माझ्या थापा मन लावून ऐकायची आणि मधेच गंभीर चेहऱ्यानं विचारायची, "आजी, मग त्या शिंप्यानं शिंकेची मजुरी दिली का?" अशी सून शोधून सापडत नाही.

तिला दिवस गेले तेव्हा कारखान्यात सगळ्यांची तोंडं गोड झाली. तिचंही झालं, पण थोडेच दिवस. मग काहीतरी बिनसलं. काय ते तिला सांगता येईना आणि आम्हाला विचारता येईना. मांडीवर शर्ट घेऊन, सुई हातात धरून ती नुसती बसायची. सकाळी उठायचं म्हणजे विहिरीतून स्वतःलाच ओढून काढायचं, असं तिचं तोंड दिसायचं. मोरीत जाऊन नळ सोडून रडायची. नळाच्या आवाजात रडणं बुडतं असं प्रत्येक बाईला वाटतं. मी जिन्याखाली बसते, मला पाण्याखालचंही ऐकू येतं.

लोकांनी काय केलं? सल्ले दिले. पोटुशी बाईनं आनंदी राहावं. चांगलं चांगलं मनात आणावं. आई रडली की बाळ रडकं होतं. कापायच्या टेबलावरचे मास्तर, ज्यांना स्वतःच्या बायकोची पादत्राणं कोणत्या मापाची ते माहीत नाही, तेही येता-जाता म्हणायचे, "हसत राहायचं हो, सूनबाई." बुटक्या माणसाला उंच राहत जा म्हणावं, तसलाच प्रकार. ती मान हलवायची, "हो" म्हणायची, आणि नळ सोडायची.

बरं, ज्या डॉक्टरकडे ती महिन्याच्या महिन्याला दाखवायला जायची, ती बाई डोकं ठिकाणावर असलेली निघाली. तिनं वजन, रक्तदाब झाल्यावर विचारलं, झोप लागते का, खावंसं वाटतं का, कशात जीव रमतो का. नातसुनेनं तिथल्या तिथे रडून घेतलं. मग तिला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. इस्त्रीच तिला घेऊन गेला. तेव्हा चौथा महिना लागला होता. एक गोळी सुरू झाली आणि दर आठवड्याला जाऊन बोलायचं ठरलं. काही आठवड्यांनी ती पुन्हा जेवायला लागली. एकदा मी सांगत होते की आमच्या लहानपणी इतकी थंडी पडायची की माणसं बोललेले शब्द गोठवून ठेवायची आणि उन्हाळ्यात ऐकायची, तेव्हा ती म्हणाली, "मग भांडण झालं की उन्हाळ्यापर्यंत कळायचंच नाही?" मी मनातल्या मनात त्या गोळीला आशीर्वाद दिला.

पण इस्त्रीनं सांगून ठेवलं होतं, आईला यातलं काही कळवायचं नाही. तिला कशाला ताप. फिरवला हात वरून.

पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत बाळाच्या हृदयात दोष दिसला. मोठ्या रुग्णालयात पोटातल्या बाळांच्या हृदयाची वेगळी डॉक्टर असते, तिच्याकडे पाठवलं. तिनं सांगितलं, हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक आहे, आणि फुफ्फुसांकडे जाणारी नळी अरुंद आहे. जन्मानंतर काही महिन्यांनी ऑपरेशन करावं लागेल. बरीचशी बाळं त्यातून चांगली वर येतात. हे सगळं इस्त्रीनं खाली येऊन सांगितलं. नातसून सरळ वर निघून गेली होती.

माझी लेक कापडाच्या ताग्यांच्या खोलीत गेली. दार लोटलेलं होतं, पण मी पाहिलं, एका ताग्याला कपाळ टेकून ती रडत होती. हे सांगते कारण ती राक्षसीण नाही. माझी लेक आहे ती, आणि तिचा जीव तुटला होता. पण जीव तुटला की माणूस आपल्या हाताला सवयीचं असेल तेच करतं. तिनं डोळे पुसले, बाहेर आली, मशिनी थांबवल्या आणि सुनेला खाली बोलावलं.

टेबलावर नग नव्हता, एवढाच फरक. बाकी सगळं तसंच. बाई टेबलाच्या टोकाला उभी, सगळे आपापल्या स्टुलावर वळून बसलेले. बाईनं एकेक विचारायला सुरुवात केली. काय खाल्लं होतं. काही जड उचललं होतं का. कुठे घसरलीस का. घाबरलीस का कशाला. मास्तर म्हणाले, मशिनीचा हादरा बसला असेल. कोणी म्हणालं, पालथं झोपली असेल. मग धागे कापणारी बाई खाली बघत म्हणाली की सूनबाई फार रडायच्या, नळ सोडून, रोज. आणि तिच्या मागोमाग दोघी-तिघींनी माना डोलावल्या.

म्हणजे ऐकू सगळ्यांना येत होतं. इतके दिवस ते रडणं सगळ्यांच्या कानावर पडत होतं, आणि तेव्हा एकीनंही मोरीचं दार वाजवून विचारलं नाही की बाई गं, तुला काय होतंय. आता मात्र साक्ष द्यायला सगळ्या तयार. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार तोच माझी नातसून उभी राहिली. कारखान्यात उभं राहतात तशी, हात पुढे बांधून.

"माझा हात," ती म्हणाली.

तिनं मग गोळीचंही सांगितलं. कसली गोळी, तर मनाची. बाईनं मुलाकडे पाहिलं. मुलानं इस्त्रीच्या वायरकडे पाहिलं. ज्यानं स्वतः तिला डॉक्टरकडे नेलं, रिक्षात तिचा हात धरून बसला, तो एक शब्द बोलला नाही.

आणि बाईनं सुस्कारा सोडला. मला तो सुस्कारा अजून विसरता येत नाही. सुटकेचा होता तो. चूक सापडली, म्हणजे अर्धी दुरुस्ती झाली. तिनं अगदी मायेनं सुनेच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की ती गोळी आजपासून बंद, आणि यापुढे रडायचं नाही, मन प्रसन्न ठेवायचं, म्हणजे पुढचं तरी नीट होईल.

मी खुर्चीवरून ओरडले. मास्तरांना विचारलं, तुमच्या आईनं तुमच्या वेळी काय बघितलं होतं हो, हत्ती की बंब? तुमच्या नाकावरून विचारतेय. धागे कापणारीला म्हटलं, तुझ्या आईनं सहा महिने दुसऱ्यांच्या दाराला कान लावला असणार, त्याशिवाय असे कान होत नाहीत. आणि बाई, तुझ्या वेळी मी नऊ महिने पोट धरून हसत होते, मग तुझ्या कपाळावर ही आठी कुठून आली? सगळे हसले. मला हसवायचं नव्हतं. माझ्या रागालाही लोक थापेतच मोजतात, हे माझं मोठं दुखणं आहे.

दुसऱ्या दिवसापासून नातसून हसायला लागली. सकाळी हसत खाली यायची, हसत जेवायची, मास्तर "हसत राहायचं हो" म्हणाले की आणखी हसायची. बाई खूश. इस्त्री तर इतका खूश की शीळ घालत कॉलरी दाबायचा. मला मात्र त्या हसण्याचा भरवसा वाटेना. कच्चा टाका कसा असतो, वरून धरून ठेवतो पण ओढला की सरकन निघून येतो, तसं ते होतं. डोळ्यांपर्यंत पोहोचायचंच नाही. मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचंही तिनं थांबवलं. नवऱ्याला सांगितलं, त्या सुट्टीवर आहेत.

मग ती आवराआवर करायला लागली. बाळाची म्हणावी तर बाळाची नाही, स्वतःची. काजाचं काम ती धागे कापणारीला शिकवायला बसली, मनापासून, एकही खुबी हातची न राखता. तिची आवडती छोटी कात्री, जिला ती कोणाला हात लावू द्यायची नाही, ती तिलाच देऊन टाकली. बाई म्हणाली, बघा, किती मोकळी झाली पोर. मी मात्र बटणं निवडायची सोडून तिच्यावर डोळा ठेवला.

एका दुपारी सगळे जेवायला वर गेले होते. ती माझ्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली आणि माझ्या डब्यातली बटणं उगाच या खणातून त्या खणात टाकत राहिली. मग सरळ, वाणसामान सांगावं तशा आवाजात म्हणाली, "आजी, बाळ झालं की ते तुमच्याकडे आणि बाईंकडे ठेवायचं. ऑपरेशन होईल, नीट होईल ते. मी नसले की पुन्हा बिघडायचं नाही."

मी विचारलं, कुठे जाणार आहेस.

"कुठे नाही," ती हसून म्हणाली. "नुसती नसेन."

मी तिचं मनगट धरलं ते सगळे जेवून खाली येईपर्यंत सोडलं नाही. संध्याकाळी लेकीला आणि नातवाला बाजूला घेतलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा एक शब्दही पदरचा न घालता, तिनं जे म्हटलं ते जसंच्या तसं सांगितलं. नातू म्हणाला, आजी, ती आता कुठे आनंदात आहे, तू कशाला नसतं काढतेस. लेक म्हणाली, "आई, परवा तू सांगत होतीस की एक कावळा रोज तुला किती वाजले विचारायला येतो."

कावळ्याचं मी सांगितलं होतं, हे खरं आहे. पण कावळा कावळ्याच्या जागी आणि पोर पोरीच्या जागी. माणसाला एवढा फरक कळू नये? ज्यांना सोनोग्राफीतला डाळीएवढा ठिपका दिसतो, त्यांना समोर उभी असलेली बाई दिसत नाही, याला काय म्हणावं?

मी भांडत बसले नाही. माझे पाय ठणकतायत, मला एकटीला झोपायचं भय वाटतं, असली भरमसाट नाटकं करून मी नातसुनेच्या खोलीत मुक्काम टाकला आणि इस्त्रीला बाहेरच्या कोचावर हाकललं. मोरीत गेली तरी दाराबाहेर उभी राहून मी गाणी म्हणायचे आणि तिनं आतून ओ द्यायची अशी अट घातली. माझं गाणं ऐकून कोणी जगण्याचा विचार करेल असं नाही, पण ओ मिळत होती तोवर मला पुरे होतं. आणि तसंही हृदयाच्या डॉक्टरकडे पुन्हा दाखवायचा दिवस लगेच पुढेच होता.

आम्ही चौघं गेलो. बाई, इस्त्री, नातसून आणि मी. मला नेणार नव्हते. मी रिक्षात आधी जाऊन बसले, आणि मला बाहेर काढायचं म्हणजे चार माणसं लागतात.

खोली गार, अंधारलेली. नातसून पलंगावर, पोटावर ते थंडगार जेल, आणि डॉक्टरीण पडद्याकडे बघून बोलतेय. बाळाचं वजन चांगलं वाढतंय. बाळाचे ठोके चांगले आहेत. नळी अजून अरुंद दिसतेय, पण घाबरायचं कारण नाही. बाई आणि इस्त्री पडद्याकडे बघतायत. मदतनीस मुलगी पडद्याकडे बघतेय. त्या खोलीत इतकी माणसं होती आणि पलंगावरच्या बाईच्या तोंडाकडे कोणी म्हणून कोणी बघत नव्हतं. जणू पोट कोणीतरी घरून पिशवीत घालून आणलं होतं.

"डॉक्टरीणबाई," मी म्हटलं, "या पोटाच्या वरच्या मजल्यावर एक बाई राहते. तिची चौकशी कोणत्या खिडकीवर करायची?"

लेकीनं मला कोपर मारलं. डॉक्टर वळली. चांगली होती बिचारी, ओशाळली. तिनं नातसुनेला विचारलं, तुम्ही कशा आहात. नातसून हसली आणि म्हणाली, मी छान आहे.

मग मी सांगितलं. बटणांच्या डब्यापाशी ती काय म्हणाली, ते सगळं. गोळी कोणी बंद करायला लावली, तेही. लेक मधेच म्हणाली की डॉक्टर, आमच्या आईला काहीही सांगायची सवय आहे, सगळ्या गल्लीला विचारा. आणि डॉक्टर एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघायला लागली. त्या एका क्षणात मला माझी प्रत्येक थाप परत घ्यावीशी वाटली, शिंकेपासून कावळ्यापर्यंत.

तेव्हा इस्त्री बोलला. पाठ भिंतीला लागलेली, आवाज फाटलेला. म्हणाला की गोळीचं खरं आहे, त्यानंच तिला नेलं होतं, त्यानंच लपवलं, आणि टेबलापाशी तो गप्प बसला. म्हणाला, कालपासून ती त्याला सांगतेय की त्याचे कोणते शर्ट कुठे ठेवलेत. बाईनं त्याच्याकडे असं पाहिलं की जणू तो दुसऱ्याच कोणाचा मुलगा होता.

डॉक्टरनं यंत्र बाजूला ठेवलं, दिवा लावला, स्टूल पलंगाजवळ ओढलं आणि आडपडदा न ठेवता विचारलं, मरून जावं असं मनात येतं का. मला वाटलं नातसून पुन्हा हसेल. ती हसली नाही.

"आधी मला सांगा," ती म्हणाली, "हात कोणाचा आहे. माझाच आहे ना?"

डॉक्टरला कळेना. बाईनं समजावून सांगितलं, दोरा, टाका, परत आलेला नग, सगळं. सांगताना तिच्या आवाजात नेहमीचा अभिमान होता. पण अर्ध्यावर तो कुठेतरी सांडला आणि शेवट तिनं कुजबुजतच केला.

डॉक्टर नातसुनेशीच बोलली. म्हणाली की बाळाचं हृदय पहिल्या दोन-तीन महिन्यांतच घडून झालेलं असतं. तुमची गोळी त्यानंतर सुरू झाली, तेव्हा गोळीचा इथे संबंध लावता येत नाही. आणि रडल्यानं हृदयाला भोक पडत नाही. आईच्या मनाची तब्येत आणि बाळाचं हृदय यांचा काही धागा आहे का, यावर लोक अभ्यास करतायत, करू देत. पण त्यातून एखाद्या बाईकडे बोट दाखवून तू केलंस असं म्हणता येईल, असं काही कोणाला सापडलेलं नाही. बहुतेक वेळा कारण कळतच नाही. आईचा हात नाही, बापाचा नाही, कोणाचाच नाही.

"असं कसं," माझी लेक म्हणाली. "हात असतोच."

"नसतो," डॉक्टर म्हणाली. "आणि आम्ही ऑपरेशन करतो तेव्हा तो शोधतही नाही. भोक बुजवतो." मग ती नातसुनेकडे वळून म्हणाली, "मी मागच्या वेळीच तुम्हाला विचारायला हवं होतं. चुकलं माझं. आता सांगा."

आणि माझ्या नातसुनेनं सांगितलं. हो, येतं मनात. रोज येतं. हसू गळून पडलं, तोंड वेडंवाकडं झालं, आणि ती रडली. नळ नव्हता तिथे. मोठ्यानं रडली.

डॉक्टरनं फोन केला आणि त्याच वेळी तिला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. आता हे ऐका आणि तुम्हीच सांगा, मी चिडू नको तर काय करू. बाळांच्या हृदयाचा विभाग वरच्या मजल्यावर, काचेची दारं, गुबगुबीत कोच, भिंतीवर रंगीत मासे. मनाचा विभाग तळघरात, जुन्या खाटा ठेवतात त्याच्या शेजारी, पाटीचा एक खिळा निखळलेला. इतक्या वरून इतकं खाली यायचं, तेही पोटुशीनं, आणि वाटेत कोणी ओळखीचं भेटलं तर पदरानं तोंड झाकायचं. ज्यानं ती इमारत बांधली त्याला मी भेटले असते तर त्याला त्या जिन्यावरून असं ढकललं असतं की तो अजून पायऱ्या मोजत असता.

तिला काही दिवस तिथेच ठेवून घेतलं. गोळी पुन्हा सुरू केली, तिला एकटं न ठेवण्याची व्यवस्था केली. पहिल्या दिवशी लेक खोलीबाहेरच्या बाकावर बसून राहिली. तिच्या मांडीवर काही नव्हतं. रिकाम्या हातांनी बसलेली मी तिला लग्नानंतर पाहिलीच नव्हती. बोटं आपोआप चिमटीत सुई धरल्यासारखी हलत होती. ती मला म्हणाली की आई, कोणाचाच हात नाही तर मी काय दुरुस्त करू. मी म्हटलं, काही करू नकोस, आत जाऊन तिच्याजवळ बस. काय बोलू, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, बोलायची हौस फिटली असेल तर नुसती बस. ती गेली. मग माझ्या लेकीचा हुंदका ऐकू आला, आणि नातसुनेनं तिला पाण्याचा पेला दिल्याचाही.

सगळं त्या दिवशी सुरळीत झालं, असं मी सांगितलं तर ती माझी सगळ्यात मोठी थाप होईल. वाईट दिवस पुन्हा आले. गोळी एकदा बदलावी लागली. मुलगी झाली, आणि पहिले कित्येक दिवस नातसून तिला घ्यायलाच घाबरायची. दूध पाजलं की लगेच दुसऱ्याच्या हातात द्यायची. रडताना पोरीचे ओठ निळसर व्हायचे आणि तेव्हा ती थिजून जायची. इस्त्री तळघरातल्या भेटींना तिच्याबरोबर जायला लागला आणि कुठे चाललात असं कोणी विचारलं तर मनाच्या डॉक्टरकडे असं खणखणीत सांगायला लागला. मास्तरांनी एकदा माझ्यासमोर "हसत राहायचं" म्हणायला तोंड उघडलं आणि माझ्या हातातला बटणांचा डबा बघून मिटलं. काही महिन्यांनी पोरीचं ऑपरेशन झालं. दार बंद झालं ते उघडेपर्यंत आम्ही सगळे बाहेरच बसून होतो. भोक बुजलं, नळी रुंद केली. नखांचा रंग गुलाबी झाला. पुढेही दाखवत राहावं लागणार आहे, आईला एका डॉक्टरकडे, पोरीला दुसऱ्या.

आता ज्यामुळे मी आज चिडलेय ते सांगते. आज सकाळी एका शाळेच्या मोठ्या बाई घरी आल्या. कारखान्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. गणवेशाचं माप ठरवायला आल्या होत्या, पोरीला बघायला म्हणून वर आल्या. पोर माझ्या नातसुनेच्या मांडीवर होती, तिच्या छातीवरचा व्रण झबल्याच्या गळ्यातून जरासा दिसत होता. त्यांनी हळहळून घेतलं, बाळाच्या गालाला बोट लावलं, आणि मग आवाज खाली आणून, आपुलकीचा मसाला लावून म्हणाल्या की ऐकलं होतं, पोटुशी असताना हिच्या डोक्यावर काही परिणाम झाला होता म्हणे. बाळाला भोगावं लागलं बिचारीच्या. शिकलेली बाई. शेकडो पोरं हिच्या शाळेत जातात.

मी दम घेतला. माझ्या जिभेवर त्या बाईच्या आईची अख्खी नऊ महिन्यांची गोष्ट तयार होती. पण नातसुनेनं मला बोलू दिलं नाही. तिनं पोरीला खांद्यावर घेतलं, नीट, मानेखाली हात देऊन, आणि त्या बाईंकडे बघितलं.

"मी आजारी होते," ती म्हणाली. "अजून गोळी चालू आहे. हिचं हृदय आजारी होतं, त्याचं ऑपरेशन झालं. दोन आजार, दोन डॉक्टर. यातलं तुम्हाला नेमकं काय समजलं नाही?"

ती हसत नव्हती. रडतही नव्हती. चिडली होती, चांगली लाल होऊन चिडली होती, आणि इतक्या महिन्यांत मी तिच्या तोंडावर इतका जिवंत रंग पाहिला नव्हता.

शाळेच्या बाईंनी मदतीसाठी माझ्या लेकीकडे पाहिलं. गिऱ्हाइकाला दुखवायचं नाही, हे माझ्या लेकीच्या हाडात भिनलंय. तिनं हातातली मापाची टेप गुंडाळली. सावकाश गुंडाळली.

"आई," ती मला म्हणाली, "यांच्या चपला कुठे आहेत बघ गं जरा."

चपला दाराबाहेरच होत्या. मी खाली वाकले आणि त्या उचलून, टाचा घराकडे आणि तोंडं जिन्याकडे करून, नीट शेजारी शेजारी ठेवल्या.